होसाम हसन: एका नऊ नंबरची ३६ वर्षं (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

१७ नोव्हेंबर १९८९. कैरोचं आंतरराष्ट्रीय स्टेडियम खच्चून भरलेलं, समोर अल्जीरिया. पहिली लढत कॉन्स्टंटाइनमध्ये गोलशून्य सुटली होती. त्यामुळे कैरोत जो जिंकेल तोच पुढच्या वर्षी इटलीत फुटबॉलचा विश्वचषक खेळणार होता. चौथ्याच मिनिटाला चेंडू बॉक्समध्ये आला आणि २३ वर्षांच्या होसाम हसनने हेडर मारून तो जाळ्यात धाडला. उरलेली सगळी लढत इजिप्तने तो एकच गोल जपला. १९३४ नंतर थेट १९९० मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, इजिप्त विश्वचषकाला गेला.

८ ऑक्टोबर २०२५. कॅसाब्लांकामध्ये जिबूतीविरुद्ध ३-० असा विजय मिळवून इजिप्तने पुन्हा विश्वचषक गाठला, आणि प्रशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभे होते तेच होसाम हसन. या दोन तारखांच्या मध्ये ३६ वर्षं आहेत. या काळात निदान चार वेळा अशी परिस्थिती आली की दुसऱ्या कुणाची कारकीर्द तिथेच आटोपली असती. त्या चार जागा या प्रकरणात पाहायच्या आहेत: त्या वेळी हातात काय होतं, काय निवडलं, आणि त्याचं पुढे काय झालं.

होसामचा जन्म १० ऑगस्ट १९६६ चा, कैरोजवळच्या हेलवानचा. जुळा भाऊ इब्राहिम. होसाम गोलसमोर खेळणारा, इब्राहिम राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू. दोघंही कैरोच्या अल अहली क्लबमध्ये मोठे झाले. पुढे ग्रीसचा पाओक, स्वित्झर्लंडचा न्यूशातेल झामाक्स, परत अहली, मग झमालेक, मग पोर्ट सईदचा अल मसरी, अशा जवळपास प्रत्येक ठिकाणी दोघं बरोबरच होते. प्रशिक्षकपदाच्या काळातही होसामच्या संघात इब्राहिम व्यवस्थापन सांभाळत आला आहे. पुढचा प्रत्येक निर्णय समजून घेताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण होसामला घेणं म्हणजे दोन माणसांना घेणं, आणि होसामला सोडणं म्हणजे दोघांना दुखावणं.

आकड्यांबद्दल आधीच सांगतो. इजिप्तसाठी सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर आहेत, ६८ किंवा ६९. सामने १७० च्या आसपास. जुन्या लढतींपैकी कोणत्या अधिकृत धरायच्या यावर हे आकडे थोडे मागेपुढे होतात. सामन्यांचा इजिप्शियन विक्रम नंतर अहमद हसनने १८४ वर नेला. गोलांचा विक्रम मात्र अजून होसामकडेच आहे आणि मोहम्मद सलाह ६० ओलांडून त्याच्या मागे लागला आहे. तो सलाह आज होसामच्याच संघाचा कर्णधार आहे.

मूळ अडचण: बॉक्समधल्या खेळाडूचं वय

होसाम हा नऊ नंबर, म्हणजे पेनल्टी बॉक्समध्ये राहणारा स्ट्रायकर. असा खेळाडू मैदानभर धावून खेळ रचत नाही. सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) अंगाला अंग लावून उभं राहायचं, क्रॉस (कडेकडून बॉक्समध्ये मारलेला चेंडू) येण्याच्या क्षणभर आधी त्याच्या नजरेआड व्हायचं, जवळच्या पोस्टकडे एक पाऊल टाकून मागे वळायचं आणि चेंडूवर पहिला स्पर्श आपला करायचा, हे त्याचं काम. १९९० च्या विश्वचषकात पालेर्मोमध्ये नेदरलँड्सविरुद्ध हेच दिसलं. होसाम निसटतोय हे पाहून रोनाल्ड कूमनने त्याला ओढलं, पेनल्टी मिळाली आणि मगदी अब्देलघनीने बरोबरी साधून दिली. सामना १-१ सुटला. गोल होसामच्या नावावर लागला नाही, पण तो आला त्याच्या हालचालीतून.

या पद्धतीचा फायदा असा, की वेग कमी झाला तरी हे कौशल्य लवकर मरत नाही. तोटा असा, की गोल थांबले की दाखवायला हाती दुसरं काही राहत नाही. मिडफिल्डरचा सामना गोल न करताही चांगला जातो. बॉक्समधल्या स्ट्रायकरच्या चार लढती कोरड्या गेल्या की लोक जन्मतारीख काढून बसतात. तिशीनंतर होसामच्या बाबतीत नेमकं हेच होऊ लागलं.

त्याआधीचा एक निर्णय नोंदवायला हवा. विश्वचषकानंतर १९९० मध्ये तो पाओकला आणि १९९१ मध्ये झामाक्सला गेला. झामाक्सचे प्रशिक्षक होते रॉय हॉजसन, आणि इजिप्तचाच हानी रमझीही तिथे होता. २२ ऑक्टोबर १९९१ ला युएफा कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, झामाक्सने स्कॉटलंडच्या सेल्टिकला ५-१ असं हरवलं. पाचपैकी चार गोल होसामचे. युरोपात नाव करायला याहून चांगली रात्र मिळणं कठीण. तरी १९९२ मध्ये तो अहलीत परतला. त्या काळी इजिप्तचा खेळाडू युरोपात दीर्घकाळ टिकणं ही वाट रुळलेली नव्हती, आणि घरच्या क्लबमध्ये दोघा भावांची जागा पक्की होती. पण आणखी दोन-तीन हंगाम तिथे काढले असते तर तरुण वयातच त्याला वेगळ्या शिस्तीची सवय झाली असती. पुढे प्रशिक्षक म्हणून ज्या गोष्टीत ते कमी पडले, त्यांचं मूळ काही अंशी इथे आहे, असं मला वाटतं.

पहिली जागा: बुर्किना फासो, १९९८

१९९८ च्या आफ्रिका चषकाला निघताना होसाम ३१ वर्षांचा होता. संघाचे प्रशिक्षक महमूद अल-गोहरी. या माणसाची ओळख इथेच करून देतो, कारण प्रकरणभर त्यांची सावली आहे. १९५९ च्या आफ्रिका चषकात गोहरी खेळाडू म्हणून सर्वाधिक गोल करणारे होते. १९८२ मध्ये अहलीला आणि १९९३ मध्ये अहलीचा कट्टर प्रतिस्पर्धी झमालेकला त्यांनी प्रशिक्षक म्हणून आफ्रिकेचं विजेतेपद मिळवून दिलं. १९८९ च्या अल्जीरियाविरुद्धच्या सामन्यातही बाकावर तेच होते.

गोहरींपुढे दोन पर्याय होते: तरुण, पळणारा स्ट्रायकर खेळवायचा, किंवा होसामला मध्यभागी ठेवून बाकीचा संघ त्याच्याभोवती बसवायचा. त्यांनी दुसरा निवडला. होसामचा हिशेब असा लागला:

मोझांबिकविरुद्ध २-०, दोन्ही गोल होसामचे.
झांबियाविरुद्ध ४-०, त्यातले ३ होसामचे.
मोरोक्कोकडून ०-१ असा पराभव.
उपांत्यपूर्व फेरीत आयव्हरी कोस्टशी गोलशून्य, पेनल्टी शूटआउटवर विजय.
उपांत्य फेरीत यजमान बुर्किना फासोविरुद्ध २-०, दोन्ही होसामचे.

अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २-० असा विजय मिळाला, पण त्यात होसामचा गोल नव्हता. ७ गोलांसह तो बेनी मॅकार्थीच्या जोडीने स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. आफ्रिका चषकातले त्याचे एकूण गोल ११. त्यातले ७ या एका स्पर्धेत आणि तेही ३१ व्या वर्षी. वय बघून त्याला घरी ठेवलं असतं तर इजिप्तने काय गमावलं असतं, ते या आकड्यांत दिसतं.

विजेतेपद खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही मिळवणारे गोहरी हे या स्पर्धेतले पहिलेच.

दुसरी जागा: अहलीचं दार बंद, २०००

दोन वर्षांनी चित्र पालटलं. मधला काही काळ होसाम यूएईच्या अल ऐनकडे खेळून आला होता. तो ३३ पूर्ण करून ३४ कडे झुकला होता. २००० मध्ये अहलीने जुळ्या भावांना मोकळं केलं. ज्या क्लबने घडवलं त्यानेच निरोप दिला.

समोर असलेले पर्याय मांडून पाहू.

निवृत्ती: मान राखून थांबता आलं असतं. सत्कार झाला असता, पुढेमागे अहलीत प्रशिक्षण विभागात जागाही मिळाली असती. पण जो खेळाडू राष्ट्रीय संघात अजून गोल करतोय त्याने थांबावं याला क्रीडेच्या दृष्टीने कारण नव्हतं.

पुन्हा आखाती देशात जाणं: पैसा चांगला मिळाला असता, पण कैरोच्या नजरेआड गेलं की राष्ट्रीय संघातली जागा सुटण्याचा धोका होता.

इजिप्तमधला मधल्या फळीचा क्लब: वाद झाला नसता. पण बॉक्समधल्या स्ट्रायकरला क्रॉस लागतात आणि क्रॉस देणारे चांगले खेळाडू लागतात. कमकुवत संघात त्याचा खेळ अर्धा होतो.

झमालेक: संघ ताकदीचा, स्पर्धा आफ्रिकेच्या पातळीवरची, शहरही तेच. किंमत एकच, ज्या प्रेक्षकांनी १५ वर्षं नाव घेऊन जल्लोष केला तेच आता शिव्या देणार.

कैरोत अहली आणि झमालेक हा नुसता क्लबांचा मामला नाही. घराघरात कोण कुठल्या बाजूचं हे ठरलेलं असतं. तरी दोघा भावांनी झमालेक निवडला. या निर्णयाला बहुतेक वेळा सूड म्हटलं जातं. राग होता हे उघड आहे. पण वरचे पर्याय शेजारी ठेवून पाहिले तर बॉक्समध्ये खेळणाऱ्या, राष्ट्रीय संघात राहू इच्छिणाऱ्या ३४ वर्षांच्या माणसासाठी खेळाच्या हिशेबानेही तो सर्वांत चांगला पर्याय होता. शिवाय अहलीचा माणूस झमालेकला जाऊन यश मिळवू शकतो हे गोहरींनी सात वर्षं आधीच दाखवलं होतं.

परिणाम असा: झमालेकने २०००-०१, २००२-०३ आणि २००३-०४ ची लीग जिंकली आणि २००२ मध्ये राजा कॅसाब्लांकाला हरवून आफ्रिकन चॅम्पियन्स लीगही. त्याच २००२ च्या मे महिन्यात अहलीने झमालेकला ६-१ असं धुतलं होतं, हेही याच हिशेबात धरायला हवं. त्या पराभवानंतर सातच महिन्यांत तो संघ आफ्रिकेचा विजेता झाला.

वेगळं काय करता आलं असतं? निघताना बोलणं सौम्य ठेवता आलं असतं. अहलीशी ते नातं नंतर कधी पूर्ण सांधलं गेलं नाही. प्रशिक्षक म्हणून होसाम यांनी झमालेक, अल मसरी, इस्माईली, इत्तिहाद असे अनेक क्लब सांभाळले, पण ज्या क्लबने घडवलं तिथलं मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलेलं नाही. २००० च्या त्या उन्हाळ्याची ही किंमत आहे.

तिसरी जागा: ३९ व्या वर्षी संघात, २००६

२००४ नंतर होसाम पोर्ट सईदच्या अल मसरीकडून खेळत होता. २००६ चा आफ्रिका चषक इजिप्तमध्येच होता आणि प्रशिक्षक होते हसन शहाता. पुढच्या फळीत मिदो, अम्र झकी, इमाद मोतेब असे तिघं तरुण होते आणि त्यांच्या मागे अबूत्रिका. २३ जणांच्या यादीत एक जागा ३९ वर्षांच्या माणसाला द्यायची का?

अशा निवडीत प्रशिक्षकाला तीन गोष्टी तोलाव्या लागतात. एक, खेळाडू बाकावर बसायला तयार आहे का. ज्याच्या नावावर देशाचे सर्वाधिक गोल आहेत तो रोज मला खेळवा म्हणू लागला तर ड्रेसिंग रूम बिघडते. दोन, २० ते ३० मिनिटांच्या कामासाठी त्याचं शरीर तयार आहे का, कारण पूर्ण ९० मिनिटं हा निकषच नाही. तीन, त्याच्यामुळे ज्या तरुणाची जागा जाते त्याचं नुकसान किती. शहातांनी होसामला घेतलं, पण संघ त्याच्याभोवती बांधला नाही. १९९८ आणि २००६ मधला फरक हाच.

लीबियावर ३-०, मोरोक्कोशी ०-०, आयव्हरी कोस्टवर ३-१. मग ३ फेब्रुवारीला उपांत्यपूर्व फेरीत काँगो लोकशाही प्रजासत्ताकाविरुद्ध ४-१ असा विजय, आणि त्यात होसामचा एक गोल. वय ३९ वर्षं, ५ महिने आणि २४ दिवस. आफ्रिका चषकात एवढ्या वयात गोल कुणी केला नव्हता.

उपांत्य फेरी सेनेगलविरुद्ध होती. स्कोअर १-१, शेवटची दहा-बारा मिनिटं उरलेली. शहातांनी मिदोला बाहेर बोलावलं आणि अम्र झकीला पाठवलं. मिदो मैदानाच्या कडेलाच प्रशिक्षकांशी भांडू लागला. साऱ्या जगाने पाहिलेलं ते भांडण चालू असतानाच झकीने हेडरने विजयी गोल केला. मिदोवर फेडरेशनने सहा महिन्यांची बंदी घातली. १० फेब्रुवारीला अंतिम सामन्यात आयव्हरी कोस्टशी ०-० आणि शूटआउटमध्ये ४-२. होसामचा हा तिसरा आफ्रिका चषक: १९८६, १९९८, २००६.

आपल्याकडच्या वाचकाला यावरून सुनील छेत्री आठवेल. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, तेव्हा एफसी गोवाचेही प्रशिक्षक असलेल्या मानोलो मार्केझ यांनी भारतीय संघात परत बोलावलं आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. पण दोन्हींत मोठा फरक आहे. शहातांकडे पुढच्या फळीत तीन पर्याय असताना होसाम चौथा होता. भारताकडे पर्याय नव्हते म्हणून छेत्री पहिला होता. अनुभवी खेळाडू बाकावर असतो तेव्हा ती संघाची श्रीमंती. त्याच्याशिवाय गोलच होत नसेल तर दुखणं दुसरीकडेच आहे.

बूट काढल्यानंतर

तरसाना आणि अलेक्झांड्रियाचा इत्तिहाद इथे शेवटचे हंगाम खेळून होसाम २००८ मध्ये प्रशिक्षणाकडे वळले. पहिला क्लब अल मसरी. २००९ च्या अखेरीस झमालेक हातात आला तेव्हा संघ तक्त्यात तळाकडे होता. हंगाम संपला तो दुसऱ्या क्रमांकावर. पुढच्या हंगामात बराच काळ आघाडी राखूनही विजेतेपद शेवटी अहलीकडे गेलं. इथेच त्यांच्या पद्धतीचं बळ आणि मर्यादा एकदम दिसतात. मरगळलेल्या संघात पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते आग पेटवतात. लांबच्या शर्यतीत, आघाडी टिकवायची असते तेव्हा, तीच आग संघाला पोळते: कार्डं, पंचांशी वाद, दंड, निलंबन. अशी कितीतरी प्रकरणं त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांची बाजू घेण्याचं कारण नाही. शिस्त मागणाऱ्या प्रशिक्षकाला आधी स्वतःची शिस्त दाखवावी लागते.

१ फेब्रुवारी २०१२ चा पोर्ट सईदचा दिवस याच काळातला. अल मसरीने अहलीला हरवलं आणि सामना संपताच मैदानात घुसलेल्या जमावाच्या हिंसेत ७० हून अधिक माणसं मेली. अल मसरीचे प्रशिक्षक तेव्हा होसाम होते. त्या हंगामाची लीग रद्द झाली आणि पुढे कित्येक वर्षं इजिप्तची स्टेडियमं प्रेक्षकांविना राहिली. तांत्रिक चर्चा इथे अपुरी पडते. एवढंच नोंदवतो की इजिप्शियन प्रशिक्षकांच्या एका पिढीला क्लब पातळीवर सलग, शांत कामाची संधीच मिळाली नाही.

पुढचा महत्त्वाचा मुक्काम जॉर्डन. गोहरींनीही २००२ ते २००७ जॉर्डन सांभाळलं होतं आणि २००४ मध्ये त्या देशाला पहिल्यांदा आशियाई चषकात नेलं होतं. २०१३ मध्ये होसाम तिथे गेले. सप्टेंबरमध्ये विश्वचषक पात्रतेत उझबेकिस्तानविरुद्ध दोन्ही लढती १-१ सुटल्या आणि ताश्कंदमध्ये शूटआउट ९-८ असं जिंकून जॉर्डन आंतरखंडीय प्लेऑफला पोचलं. समोर उरुग्वे.

१३ नोव्हेंबर २०१३ ला अम्मानमध्ये निकाल लागला ०-५. मध्यंतराला ०-२ होतं. निर्णयाची खरी जागा ती १५ मिनिटांची विश्रांती. दोन लेगच्या लढतीत घरच्या मैदानावर ०-२ म्हणजे अवघड, पण संपलेलं नव्हे. त्या वेळी बचावाची रेषा दहा मीटर मागे घेऊन स्कोअर तिथेच रोखणं हा एक मार्ग. एक गोल फेडायला पुढे सरकणं हा दुसरा. दुसऱ्या सत्रात जॉर्डन पसरलं आणि आणखी तीन गोल खाल्ले. शेवटचा भरपाई वेळेत कावानीचा. आठवड्याने माँटेव्हिडिओत हाच संघ शिस्तीत मागे राहून खेळला आणि ०-० वर सुटला. तसं खेळणं या संघाला जमत होतं, हे त्या दुसऱ्या लढतीने सिद्ध केलं. फक्त ते आठवडाभर उशिरा झालं.

होसाम यांच्या पुढच्या संघांकडे पाहिलं तर अम्मानचा हा धडा त्यांनी गिरवलेला दिसतो. २०१५ ते २०१८ ही अल मसरीतली तीन वर्षं त्यांच्या क्लब कारकिर्दीतली सर्वांत स्थिर म्हणता येतील. बचाव घट्ट, गोल कमी खाणारा संघ. तो आफ्रिकन कॉन्फेडरेशन कपला पोचला आणि २०१७ चा इजिप्शियन कपचा अंतिम सामना अहलीकडून २-१ असा हरला.

चौथी जागा: राष्ट्रीय संघ, फेब्रुवारी २०२४

जानेवारी २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आफ्रिका चषकात इजिप्त एकही सामना न जिंकता बाहेर पडला. तीन बरोबरी, मग बाद फेरीत काँगो लोकशाही प्रजासत्ताकाकडून शूटआउटवर पराभव. घानाविरुद्ध सलाहच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो उपचारासाठी लिव्हरपूलला परतला. त्याच्या जाण्यावर जाहीर टीका करणाऱ्यांत होसाम हसनही होते. काही दिवसांतच पोर्तुगीज प्रशिक्षक रुई व्हिटोरिया यांना हटवलं गेलं आणि संघ होसाम यांच्याकडे आला.

फेडरेशनपुढचा पेच जुना होता. ब्रॅडली, कूपर, अग्विरे, केरोश, व्हिटोरिया असे परदेशी प्रशिक्षक एकामागोमाग येऊन गेले. कूपर यांनी २०१७ च्या आफ्रिका चषकाच्या अंतिम फेरीत आणि २०१८ च्या विश्वचषकात संघ नेला, केरोश यांनी २०२२ मध्ये आफ्रिका चषकाची अंतिम फेरी गाठली. चषक मात्र आला नाही. १९९८, २००६, २००८ आणि २०१० ही शेवटची चारही विजेतेपदं घरच्या प्रशिक्षकांची. घरचा माणूस हवा, हे पटण्यासारखं होतं. पण ज्या माणसाने नुकतीच कर्णधारावर टीका केली तोच का, हा प्रश्न रास्त होता.

होसाम यांच्या हाती तीन मार्ग होते. सलाहचं कर्णधारपद काढून नवा संघ उभारायचा. सलाहला हवं ते देऊन टाकायचं. किंवा टीका तिथेच सोडून कामापुरता नवा करार करायचा. त्यांनी तिसरा पत्करला. मार्च २०२४ मधल्या न्यूझीलंड आणि क्रोएशियाविरुद्धच्या सामन्यांसाठी सलाह दुखापतीतून सावरत होता. त्याला क्लबकडेच राहू दिलं. ऑक्टोबरमध्ये मॉरिटानियात कृत्रिम गवतावर सामना होता. त्याआधी त्याला मोकळं केलं. कर्णधारपद त्याच्याकडेच ठेवलं. गोष्टी लहान दिसतात, पण रागीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने त्या केल्या याला वजन आहे.

विश्वचषक पात्रतेत सहा संघांचे नऊ गट होते आणि फक्त गटविजेता थेट जाणार होता. अशा रचनेत घरचे सामने जिंकायचे आणि बाहेर हरायचं नाही, एवढं जमलं की पुरतं. पहिले दोन सामने व्हिटोरियांच्या काळात जिंकले होते. उरलेल्या आठ सामन्यांत होसाम यांच्या संघाने ६ जिंकले, २ बरोबरीत सोडवले, १२ गोल केले आणि फक्त २ खाल्ले. बुर्किना फासोकडून एक, गिनी-बिसाऊकडून एक. वागाडुगूला बुर्किना फासोशी ०-०, सिएरा लिओनवर कैरोत १-०, हे निकाल डोळ्यांना सुखावणारे नव्हते. पण एकूण १० सामन्यांत २६ गुण झाले आणि एक सामना शिल्लक असतानाच तिकीट पक्कं झालं. सलाहचे ९ गोल.

मोरोक्को, डिसेंबर २०२५ ते जानेवारी २०२६

आफ्रिका चषक २१ डिसेंबरला सुरू होणार होता आणि क्लबांनी खेळाडू सोडायची तारीख फिफाने १५ डिसेंबरवर ढकलली. म्हणजे तयारीला आठवडाही नाही. सलाह क्लबमध्ये बाकावर बसून, वादातून आला होता. होसाम यांनी त्याला पहिल्या सामन्यापासून खेळवलं. झिम्बाब्वेविरुद्ध भरपाई वेळेत विजयी गोल त्याचा, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या १-० मधला पेनल्टीचा गोलही त्याचाच. गटात पहिला क्रमांक पक्का झाल्यावर अंगोलाविरुद्ध जवळपास सगळा संघ बदलून मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली. एवढ्या कमी तयारीच्या स्पर्धेत हा निर्णय अगदी योग्य होता. मग बेनिनवर जादा वेळेत ३-१ आणि गतविजेत्या आयव्हरी कोस्टवर ३-२.

उपांत्य फेरीत सेनेगल. इजिप्त तोवरचे पाचही सामने अगादीरला खेळला होता आणि आता प्रथमच देशाच्या दुसऱ्या टोकाला, टँजियरला जायचं होतं. सेनेगलची उपांत्यपूर्व लढत टँजियरलाच आणि एक दिवस आधी झाली होती. होसाम यांनी त्याबद्दल तक्रार केली आणि ती निराधार नव्हती. पण मैदानावर इजिप्त इतका मागे बसला की आक्रमण जवळपास दिसलंच नाही. ७८ व्या मिनिटाला सादियो मानेने गोल केला आणि तोच पुरला. तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही शूटआउटवर नायजेरियाकडे गेला.

वेगळं काय करता आलं असतं

मागे राहून खेळण्याचा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. थकलेला, प्रवास करून आलेला संघ, समोर वेगवान सेनेगल; ०-० वर सामना ताणणं हा विचार शहाणपणाचा होता. चूक त्यातल्या वेळेच्या हिशेबात झाली. अशा योजनेत साधारण साठाव्या ते पासष्टाव्या मिनिटाला पुढे एक ताजा, चेंडू धरून ठेवणारा स्ट्रायकर लागतो. गोल करणं हे त्याचं पहिलं काम नसतं. बचावातून लांब मारलेला चेंडू त्याने छातीवर घ्यायचा, फाउल मिळवायचा आणि मागच्या दहा जणांना अर्धं मिनिट श्वास घेऊ द्यायचा. तसा कोणी पुढे नसला की प्रत्येक साफ केलेला चेंडू पाच सेकंदांत परत येतो. सेनेगलचे तसेच परत येत राहिले आणि बदल करायची वेळ आली ती गोल बसल्यावर.

हे काम कसं करतात हे होसाम हसन यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. पालेर्मोत त्यांनी कूमनसमोर तेच केलं होतं. आणि २० वर्षांपूर्वी, याच सेनेगलविरुद्ध, याच फेरीत, शेवटच्या दहा-बारा मिनिटांत शहातांनी मिदोचा राग अंगावर घेऊन बदल केला, तेव्हा ३९ वर्षांचे होसाम त्याच संघात होते.